चंद्रमपल्लीच्या तलावापर्यंत : एका लहानशा वनयात्रेचा जमा-खर्च



स्मरणिकेचे काम निघाले की संपादक मंडळातील कोणी ना कोणी आमच्या गद्दीवर येऊन बसतो आणि लेखाची मागणी करतो. आम्ही पडलो धान्याचे ठोक व्यापारी, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. आजवर आमच्या लेखणीने लिहिले ते रोजमेळ, खतावणी आणि पेढ्यांना पाठवावयाची पत्रे. तेव्हा साहित्याचा माल आमच्या दुकानी मिळणार नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. परंतु एका लहानशा वनयात्रेत आम्हांस एकदा मोठी तूट आली व दुसऱ्यांदा ती भरून निघाली. त्या दोन्ही फेऱ्यांचा खरा हिशेब सभासदांपुढे ठेवावा, म्हणजे ज्यांस जावयाचे असेल त्यांची तूट तरी वाचेल, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहोत.

निमित्त असे झाले. आपल्या युवक मंडळींनी मागे एका बैठकीत अगुंब्याच्या वर्षावनात सहल नेण्याची सूचना मांडली. सूचना उत्तम होती. सह्याद्रीच्या कुशीतील त्या गावी वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथील झाडे बारमाही हिरवी असतात आणि ऊन जमिनीपर्यंत पोहोचण्यास मोठी मारामार पडते. परंतु बिदर-कलबुर्गीकडून तेथे जाण्यातच एक दिवस मोडतो आणि येण्यात दुसरा. वृद्ध मंडळी, लहान मुले आणि दुकान उघडे ठेवण्याची काळजी असलेले गृहस्थ यांना ते कसे जमावे? त्या बैठकीत आमचे वडील बंधू, ज्यांना सारा मोंढा ‘दादा’ म्हणूनच ओळखतो, हलकेच म्हणाले, “अरे, आपल्या शेजारच्या रानात तळे आहे म्हणतात. ते कोणी पाहिले आहे का?” बैठकीत एकानेही हात वर केला नाही. आम्हीही केला नाही.

स्थळाची ओळख

दादांच्या मनात होते ते चंद्रमपल्लीचे तळे. कलबुर्गी जिल्ह्याच्या चिंचोली तालुक्यात, डोंगरांच्या बेचक्यात, ओढ्याचे पाणी अडवून हा तलाव केलेला आहे. कलबुर्गी शहरापासून चिंचोली सुमारे ८५ किलोमीटर. हुमनाबाद, बिदर या बाजूंनी येणाऱ्यांस त्याहूनही जवळ. तेथून पुढे रानाचा रस्ता लागतो. भोवतीचे अरण्य २०११ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १३५ चौरस किलोमीटर असून दक्षिण भारतातील कोरड्या प्रदेशातील पहिले अभयारण्य असा त्याचा उल्लेख केला जातो. पूर्वेकडे लगेच तेलंगणाची हद्द लागते. या बाजूस कन्नड, तेलुगू, लंबाणी, दखनी आणि आपली मराठी अशा सर्व बोली कानी पडतात. म्हणून सोबत कन्नड नीट बोलणारा एक तरी मनुष्य असावा.

हे वर्षावन नव्हे, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. कलबुर्गीकडे वर्षाचा पाऊस सरासरी साडेसातशे मिलिमीटरांच्या आसपास. अगुंब्याच्या पावसाचा तो दहावा हिस्सा झाला. आपले रान पानझडीचे. त्यात साग आहे, चंदन आहे, रक्तचंदनही आहे. तरस, लांडगा, कोल्हा, चौशिंगा हे प्राणी येथे वस्ती करून आहेत. कलबुर्गीची काळी माती, जिच्या तुरीस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती मागे पडते आणि लाल मातीचे डोंगर सुरू होतात. बिदरच्या किल्ल्याखाली व शहराखाली जो तांबडा जांभा दगड आहे त्याच्या अंगी एक गुण आहे. तो पावसाचे पाणी पितो आणि पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने हळूहळू परत देतो. नानक झिरा व नरसिंह झरणी ही त्याचीच उदाहरणे होत. ज्या मुलखात चैत्रात विहिरी तळ दाखवतात त्या मुलखात डोंगराआड पाण्याचा एवढा साठा असावा, ही गोष्ट आम्हांस साठीपर्यंत ठाऊक नसावी, याचा खेद वाटल्यावाचून राहिला नाही. कारण त्याच बाजूची तूर आमच्या वखारीत चाळीस वर्षे उतरत आली होती. तूर कोठून येते ते आम्हांस ठाऊक होते. तिचा गाव कसा दिसतो ते ठाऊक नव्हते.

पहिला फेरा : तुटीचा

आम्ही प्रथम गेलो तो २०२३ सालच्या एप्रिल महिन्यातील एका रविवारी. तुरीचा हंगाम ओसरला होता, मुलांच्या परीक्षा संपल्या होत्या. आम्हांस सोयीचा दिवस तो उत्तम दिवस, असा आमचा समज. चालावयाचे ते किती? जाऊन-येऊन चार किलोमीटर! सकाळी मोंढ्यात दोन चकरा मारल्या तरी तेवढे होते, असे आम्हीच सर्वांस सांगितले आणि याच वाक्याने आमचा घात केला. लांबचा प्रवास असता तर आम्ही चार दिवस आधी यादी केली असती. वाट लहान, म्हणून तिची कोणी यादीच केली नाही.

तीन मोटारी, चौदा माणसे. सर्वांत धाकटा नातू सहा वर्षांचा आणि सर्वांत वडील दादा बहात्तर वर्षांचे. मंदिरातील पूजा आटोपून, चहा-फराळ करून, कोणाची पिशवी विसरली म्हणून पुन्हा माघारी जाऊन, निघावयास साडेआठ वाजले. रानाच्या नाक्यावर पोहोचलो तेव्हा सूर्य बराच वर आला होता. परवानगी आधी घेतलेली नव्हती. तेथे चौकशी, नोंद, शुल्क यांत आणखी वेळ गेला. नाक्यावरील मनुष्य आपले काम करीत होता. दोष सर्वस्वी आमचा. साडेअकराच्या उन्हात आम्ही पायी निघालो.

पाण्याचा मोठा जार आम्ही आणला होता, परंतु तो मोटारीत होता. वीस लिटरांचा जार रानातून कोण वाहून नेणार, हा विचार घरी कोणी केला नव्हता. हाती निघाल्या पाच बाटल्या. झाडे पर्णहीन झाली होती. पायाखाली वाळलेला पाचोळा तापून करकर वाजत होता. सावली म्हणून काही उरली नव्हती. तरुण मंडळी पुढे निघून गेली, स्त्रिया व मुले मध्ये राहिली, दादा व आम्ही मागे. अशा रीतीने चौदा माणसांचे तीन तुकडे झाले आणि पाच बाटल्यांपैकी चार पुढच्या तुकडीकडे गेल्या.

तळ्याची चकाकी झाडांच्या फांद्यांतून दिसू लागली होती. अर्धा फर्लांगही उरला नसेल. तेवढ्यात दादा एका पळसाच्या बुंध्यास टेकून खाली बसले. तोंड पांढरे पडले होते, घाम मात्र थांबला होता. ते म्हणाले, “मला इथेच असू दे. तू जाऊन पाहून ये. एवढे आलास, रिकाम्या हाताने परत जाऊ नकोस.”

आता जे सांगतो ते सांगताना संकोच वाटतो, तरी हिशेबात लपवाछपवी नको म्हणून सांगतो. आम्ही वीस-पंचवीस पावले पुढे गेलो. वडील भावाचीच आज्ञा आहे, अशी मनाची समजूत घातली आणि गेलो. मग मागे वळून पाहिले. दादांनी टोपी काढून छातीशी धरली होती व मान एका बाजूस कलली होती. त्यानंतरचा धावपळीचा अर्धा तास वर्णन करण्याची आमच्यात शक्ती नाही. पुतण्याने मोटारीपर्यंत धावत जाऊन पाणी आणले, चौघांनी धरून दादांना माघारी आणले, आणि एका दवाखान्यात त्यांना दोन दिवस सलाइनवर राहावे लागले. प्राण वाचले ही जिनेंद्रकृपा. वहिनीसाहेब पुढे महिनाभर आमच्याशी बोलल्या नाहीत. त्यांचे चुकले असे आम्हांस आजही वाटत नाही.

दवाखान्यातील दुसऱ्या रात्री दादांनी आम्हांस जवळ बोलावून विचारले, “तळ्यात पाणी किती होते रे?” आम्ही पाहिले नाही म्हणताच त्यांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, “मग हा सौदा अर्धाच झाला.” त्या क्षणी आम्ही ठरवले की, दादांना ते तळे दाखवावयाचे, परंतु या खेपेस मालाची खरेदी करतो तशा सावधगिरीने. पुढील दीड वर्षात आम्ही जे शिकलो ते मुद्द्यांनिशी देतो.

मुहूर्त

पहिली गोष्ट काळाची. पावसाळ्यात रान हिरवे असते खरे, परंतु वाट निसरडी, ओढे अकस्मात भरणारे आणि ओल्या जमिनीवर जीवजंतूंची दाटी. चातुर्मासात आपण प्रवास आवरता घेतो त्यामागील कारण रानात गेल्यावर डोळ्यांना दिसते. फाल्गुनापासून पुढे ऊन व पानगळ. राहता राहिले कार्तिक पौर्णिमेनंतरचे तीन-चार आठवडे. अष्टान्हिका पर्व आटोपलेले असते, पाऊस मागे फिरलेला असतो, तलाव भरलेला असतो आणि झाडांवरील पाने अद्याप टिकून असतात. आपल्या पानझडी रानाने वर्षावनाचे रूप घेतले तर ते याच दिवसांत.

व्यापाऱ्यासही हाच काळ सोयीचा. मूग-उडदाची गर्दी संपलेली असते आणि नव्या तुरीची भरघोस आवक डिसेंबर-जानेवारीत सुरू व्हावयाची असते. दोन हंगामांच्या मधली ही फट वर्षातून एकदाच येते. ती वाया जाऊ देऊ नये.

परवाना व वाटाड्या

अभयारण्य ही धर्मशाळा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अशा जागी परवान्यावाचून प्रवेश करता येत नाही, शस्त्र नेता येत नाही आणि आग लावता येत नाही. म्हणून वनखात्याच्या स्थानिक कार्यालयात निदान आठ दिवस आधी जाऊन माणसांची संख्या, वाहने व येण्याची वेळ सांगावी. कोणती वाट खुली आहे, कोणती बंद आहे ते विचारावे. आणि खात्याचा मनुष्य वा त्यांनी सुचवलेला स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा. नियम व शुल्क बदलत असतात, म्हणून मागील वर्षीच्या माहितीवर विसंबू नये. कालच्या भावाने आज कोणी माल घेतो का?

वाटाड्याचा उपयोग केवळ वाट दाखवण्यापुरता नसतो. आग्या मोहोळ कोणत्या झाडास आहे, जनावर पाण्यावर कधी येते, कोणत्या बाजूचा काठ दलदलीचा आहे, हे त्यालाच ठाऊक. आमच्या वाटाड्याने पहिल्याच भेटीत सांगितले की, अत्तर व सुवासिक तेल लावून कोणी येऊ नये, त्याने मधमाश्या खवळतात. पूजेनंतर कानात अत्तराचा फाया ठेवणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे ध्यानी ठेवावे. तसेच रानात मोबाइलचा भरवसा धरू नये. कोण गेले, कोणत्या वाटेने गेले व किती वाजेपर्यंत परतणार, हे घरी एका कागदावर लिहून ठेवावे.

पाणी व शिदोरी

माणशी दोन लिटर पाणी, आणि तेही ज्याचे त्याच्या खांद्यावर. हा आमचा नियम. आम्ही दुसऱ्या खेपेस बारा जण होतो. बारा माणसांचे चोवीस लिटर, म्हणजे वजनात जवळजवळ पाव क्विंटल. एका हमालाच्या पाठीवर दिले तर तो ओझे म्हणेल. बारा जणांत वाटले तर कोणास कळतही नाही. पाणी घरूनच गाळून, उकळून न्यावे. तळ्याचे पाणी पिण्याच्या भरवशावर कोणी जाऊ नये.

शिदोरी कोरडी असावी. ज्वारीची कडक भाकरी, लसणावाचून केलेली शेंगदाण्याची चटणी, दशम्या, मेथी घातलेला खाकरा, राजगिऱ्याचे लाडू. आणि उन्हाने थकलेल्यांसाठी मीठ-साखर-लिंबाचे पाणी. तळणाचे डबे, पाच भाज्या, पत्रावळींचा ढीग यांची तेथे आवश्यकता नाही. जे नेले त्याचा कागददेखील परत आणावा. वानरांना काही देऊ नये. त्यांना दया म्हणून दिलेला घास उद्या त्यांच्या व दुसऱ्या वाटसरूच्या भांडणाचे कारण होतो.

चाल कोणाची?

आमचे वडील सांगत असत की, पूर्वी धान्याच्या गाड्यांचा तांडा निघे तेव्हा सर्वांत थकलेली बैलजोडी पुढे जुंपत. जोमदार बैल मागे असले म्हणजे तांडा तुटत नाही. आम्ही पहिल्या खेपेस नेमके उलटे केले होते. रानात मंडळींची चाल ही सर्वांत तरुण माणसाची नसून सर्वांत मंद माणसाची असते. त्यास पुढे ठेवावे, त्याच्या मागे सर्वांनी राहावे आणि शेवटी एक खंबीर मनुष्य असावा. सपाटीवर तासाला चार-पाच किलोमीटर चालणारा मनुष्य वृद्ध व मुलांसह रानात दीड-दोन किलोमीटर चालतो, असे धरून हिशेब मांडावा.

पायी चालण्याविषयी आपल्या साधुजनांचा नियम सर्वश्रुत आहे. चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकणे, म्हणजेच ईर्यासमिती. गृहस्थाने रानात तेवढा एक नियम पाळला तरी मुंगी वाचते, साप वाचतो आणि आपला घोटाही वाचतो. पायांत चपला नकोत, बंद बूट असावेत. पाण्यात कोणीही उतरू नये. धरणाच्या तळ्याचा तळ कोठे एकदम खोल होतो आणि कोठे गाळाचा असतो, ते वरून कळत नाही.

परतीचा हिशेब

सर्वांत महत्त्वाचे कलम हे. आपण निघण्याची वेळ ठरवतो, पोहोचण्याची ठरवतो, परंतु माघारी फिरण्याची वेळ कोणी ठरवीत नाही. आम्ही हिशेब शेवटच्या कलमापासून उलटा मांडला. नोव्हेंबरअखेरीस आपल्याकडे सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास होतो. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपावयाचे, तर साडेचारपर्यंत घरी पोहोचावयास हवे. त्यासाठी दीडला रानाबाहेर पडावे, बाराच्या सुमारास मोटारीपाशी यावे, आणि म्हणून तळे दिसो वा न दिसो, अकरा वाजण्यापूर्वी मागे फिरावे. अकराच्या पुढे ऊन चढते हेही कारण होतेच. आपला रात्रिभोजनाचा नियम पुष्कळांस प्रवासात अडचणीचा वाटतो. आम्हांस तर त्याच नियमाने वेळापत्रक करून दिले.

आणखी एक मोह आवरावा. चिंचोली भागात आलोच आहोत तर गोट्टमगोट्ट्याचे देवस्थान पाहू, एत्तिपोत्याचा धबधबा पाहू, जाता जाता सेडम तालुक्यातील मळखेडही करू, असे कोणीतरी म्हणतोच. मळखेड ही राष्ट्रकूटांची राजधानी; सम्राट अमोघवर्षाच्या काळात आचार्य जिनसेनांनी तेथील आश्रयाने ग्रंथरचना केली. त्या भूमीस वंदन करावयाचे तर एक स्वतंत्र दिवस काढून करावे. घाईने केलेले दर्शन आणि धावत पाहिलेले तळे, दोन्ही पदरी पडत नाहीत.

दुसरा फेरा

रविवार, २४ नोव्हेंबर २०२४. मोंढा बंद. पहाटे अंधार असतानाच निघालो. सूर्योदयानंतर दोन घटिका होऊ देऊन, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांनी, चिंचोलीस एका आप्तांच्या घरी नवकारशी केली. परवाना हाती होता. पावणेनऊ वाजता चालू लागलो. पुढे वाटाडी, त्याच्या मागे दादा, दादांच्या मागे सहा वर्षांचा होता तो आता सात वर्षांचा झालेला नातू, मग सारी मंडळी आणि सर्वांच्या शेवटी पुतण्या. वहिनीसाहेबही आल्या होत्या. त्यांच्या पिशवीत दोनऐवजी तीन लिटर पाणी होते. आम्ही काही बोललो नाही.

तेच रान ओळखू येईना. पानांतून उन्हाचे कवडसे पडत होते, मातीस ओल होती, आणि ओढ्याचा आवाज डाव्या हाताने सोबत करीत होता. दादा दर दहा मिनिटांनी थांबत, दोन घोट पाणी पीत आणि पुन्हा निघत. कोणी त्यांना घाई केली नाही. एका ठिकाणी नातू ओरडला, “आजोबा, थांबा, मुंग्या!” बारा माणसे थांबली आणि मुंग्यांची रांग ओलांडून एक-एक पलीकडे गेली. तो पळसही लागला. दादांनी त्याच्या बुंध्यावर हात ठेवला व म्हणाले, “इथपर्यंतचा हिशेब जुना. आता नवे पान.”

दहा वाजून दहा मिनिटांनी झाडी सरली आणि तळे समोर आले. आम्ही कवी नाही, म्हणून वर्णन करीत नाही. चहूबाजूंस डोंगर, मध्ये स्वच्छ पाणी, पलीकडच्या काठावर काही बगळे, आणि माणसाने केलेला एकही आवाज नाही. एवढे सांगितले म्हणजे पुरे. मोंढ्यात साठ वर्षे काढलेल्या माणसास शांतता म्हणजे काय हे त्या दिवशी कळते. दादा एका दगडावर बसले. अर्धा तास त्यांनी कोणाशी शब्द बोलला नाही. मुलेही आपोआप गप्प झाली.

अखेर ते एवढेच म्हणाले, “या डोंगरामागून आपली तूर आली, तिच्यावर मुले शिकली, लग्ने झाली. आणि आपण डोंगराला कधी नमस्कारसुद्धा केला नाही.” त्यांनी हात जोडले. आम्हीही जोडले.

घड्याळात दहा पन्नास झाले. त्यांना उठा म्हणावयास आमची जीभ रेटेना. आणखी पाव तास बसू दिले तर काय बिघडते, असा विचार मनात येतो न येतो तोच दादा स्वतःच काठी टेकून उठले. म्हणाले, “वेळ ठरली आहे ना? मग ठरली. सौदा सौद्याप्रमाणे.” सव्वाबाराला आम्ही मोटारीपाशी होतो; साडेचारला घरी. सूर्यास्तापूर्वी भोजने झाली. प्रत्येकाच्या बाटलीत थोडे थोडे पाणी उरले होते. व्यापारात शिल्लक उरली की समाधान वाटते. त्या दिवशीच्या त्या चार घोटांच्या शिल्लकीइतके समाधान आम्हांस फार थोड्या वेळा वाटले आहे.

उपसंहार

दादांचे गुडघे आता अगदीच थकले आहेत. पुन्हा ती वाट चालणे त्यांना शक्य नाही. त्या बाजूचा कोणी शेतकरी वा अडत्या गद्दीवर आला की ते आधी तुरीचा भाव विचारीत नाहीत, तळे किती भरले ते विचारतात. मग भाव.

सभासद बंधूंस आमची विनंती एवढीच. आपल्या घरातही कोणी वडीलधारे असतील, ज्यांनी उभे आयुष्य गद्दीवर काढले आणि चाळीस-पन्नास किलोमीटरांवरचे रान पाहिले नाही. त्यांचे गुडघे शाबूत आहेत तोवर कार्तिकानंतरचा एक रविवार त्यांच्यासाठी काढा. वर्षावन लांब असेल. जवळचे रान थांबून राहिलेले आहे. मात्र निघताना वाट लहान आहे असे म्हणू नका. पाणी मोजून घ्या, परवाना आधी घ्या, थकलेल्यास पुढे ठेवा आणि माघारी फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच लिहून ठेवा. कोणी “तुम्ही पाहून या, मी इथेच बसतो” असे म्हणाले, तर एक पाऊलही पुढे टाकू नका. आम्ही टाकलेली ती वीस-पंचवीस पावले आमच्या खात्यावर नावे पडलेली आहेत. दुसऱ्या फेऱ्याने ती फिटली असे दादा म्हणतात. आम्ही मात्र ते खाते अद्याप बंद केलेले नाही.

चूकभूल द्यावी-घ्यावी. इत्यलम्.